पंचांगांतली मोजणी आणि पंचांगांतलें भाकीत

(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें झालेलें भाषण)



तुमच्यांपैकीं कोणाच्याहि घरीं जावें, पोथी असो वा नसो, खिळ्याला टांगलेलें पंचांग किंवा दिनदर्शिका सांपडतेच. पेरणी तिला विचारून, लग्न तिला विचारून, विहिरीचा पहिला टिकाव तिला विचारून, सुतारानें दाराची चौकट उभी करायची तीहि तिला विचारून. ज्या पुस्तकावांचून आपलें पान हालत नाहीं तें तयार कसें होतें, हें मात्र आपण विचारीत नाहीं. विचारावें असें आपल्या वाडवडिलांना कोणी सांगितलेंहि नाहीं. आज आम्ही तेवढेंच सांगणार आहों. बाजारांतून आणलेलें धान्य घरीं पुन्हा मापून घेण्याची आपली संवय आहे. तीच या वस्तूला लावून पाहूं.

पंचांग हें एक पुस्तक नव्हे. एका पुठ्ठ्यांत बांधलेलीं तीं दोन पुस्तकें आहेत. एक मोजणीचें आणि एक भाकिताचें. सूर्य कोठें आहे, चंद्र कोठें आहे, ग्रहण किती वाजतां लागेल, ही मोजणी. अमका दिवस नांगराला वाईट, अमक्या नक्षत्राचें वाहन बेडूक, अमक्याला साडेसाती, हें भाकीत. मोजणी खरी कीं खोटी हें कोणासहि डोळ्यांनीं पाहतां येतें. भाकिताला तशी कसोटी नाहीं. पण दोन्ही एकाच शाईनें छापलेलीं, म्हणून मोजणीचा खरेपणा भाकिताच्या पदरांत पडतो. ग्रहण बरोबर मिनिटाला लागलें, तेव्हां मुहूर्तहि खराच असला पाहिजे, असें मन आपोआप म्हणतें. आपल्या फसगतीचें मूळ येथें आहे.

आधीं मोजणी पाहूं, कारण ती खरोखर पाहण्यासारखी आहे.

चंद्र रोज सूर्यापासून पूर्वेकडे सरकतो. तो बारा अंश सरकला कीं एक तिथि झाली. आकाशाच्या फेऱ्याचे ३६० अंश, म्हणून अमावास्येपासून अमावास्येपर्यंत तीस तिथि. चंद्राची चाल सारखी नाहीं. पृथ्वीजवळ असला कीं वेगानें जातो, दूर गेला कीं मंदावतो. त्यामुळें एखादी तिथि वीस तासांत आटोपते, एखादी पावणेसत्तावीस तासांपर्यंत लांबते. पंचांगांत एखादी तिथि गळाली किंवा एकच तिथि दोन दिवस आली, तर भटजीनें कांहीं लबाडी केली असें समजूं नका. लबाडी पुष्कळ ठिकाणीं असेल, येथें नाहीं.

असे बारा चांद्रमास म्हणजे ३५४ दिवस. ऋतूंचें वर्ष सव्वातीनशें पासष्टांचें नव्हे, ३६५ दिवस आणि वर पावणेसहा तासांहून थोडें अधिक. म्हणजे दरसाल अकरा दिवसांची तूट. मुसलमान बांधव ही तूट भरीत नाहींत, म्हणून मोहरम कधीं उन्हाळ्यांत येतो, कधीं थंडींत. आपल्याकडे पोळा पावसाळ्यांतच राहतो आणि दिवाळी सुगीलाच येते, याचें कारण सरासरी साडेबत्तीस महिन्यांनीं एक महिना अधिक धरतात. कोणता महिना अधिक, हें कोणाच्या मर्जीवर नाहीं. ज्या चांद्रमासांत सूर्य एका राशींतून दुसऱ्या राशींत जातच नाहीं, तो अधिक. २०२३ सालीं श्रावण असाच अधिक आला होता. यालाच आपण धोंड्याचा महिना म्हणतों, आणि जांवयाला बोलावून तेहतीस अनारसे, वर चांदीचें कांहींतरी, असा खर्च करतों. अकरा दिवसांची तूट भरून काढण्याच्या हिशेबांतून जांवयाचें देणें कोठून निघालें, हें गणिताच्या कोणत्याहि पानावर सांपडत नाहीं. पण त्यापायीं उसनवारी करणारीं घरें आपल्यांत आहेत.

ही मोजणी कोणी केली? आपल्याकडचा जुन्यांत जुना ग्रंथ वेदांगज्योतिष, तो लगधाच्या नांवावर आहे. त्यांत पांच वर्षांचें एक युग धरलें आहे: दिवस १८३०, चांद्रमास ६२. म्हणजे वर्ष ३६६ दिवसांचें. वर्षाला पाऊण दिवसाची चूक झाली, पण पुढें आकाशाकडे पाहून ती दुरुस्त करणारे लोक होते. याच ग्रंथांत आणखी एक गोष्ट आहे, किंवा नाहीं असें म्हणूं: त्यांत सोमवार-मंगळवार नाहींत, मेष-वृषभ वगैरे राशीहि नाहींत. या दोन्ही गोष्टी पुष्कळ पुढच्या, पश्चिमेकडल्या लोकांशीं येणेंजाणें वाढल्यावर आलेल्या. वार लिहिलेला आपल्याकडचा जुना शिलालेख मध्य प्रदेशांतील एरण येथें आहे; तो बुधगुप्त राजाच्या वेळचा, इ. स. ४८४ चा. मग अमक्या वारीं बी काढूं नये आणि अमक्या वारीं सासरीं जाऊं नये, हे नियम वेदांपासून चालत आलेले आहेत असें कोणी सांगूं लागला, तर त्याला विचारा कीं वेदांगांत वारच नाहीं, तर तो वाईट कसा ठरला?

बाहेरून घेतलें यांत कमीपणा नाहीं. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत पांच सिद्धांतांचा सारांश लिहिला, त्यांत रोमक आणि पौलिश हे दोन परदेशी वळणाचे आहेत. होरा आणि केंद्र हे शब्द ग्रीकांकडून आलेले. यवन म्लेंच्छ असले तरी या शास्त्रांत निपुण आहेत म्हणून ऋषींसारखे पूज्य आहेत, असा वराहमिहिराचाच अभिप्राय आहे. विद्येला जात नसते हें त्याला आकाश पाहतांना कळलें. तें गांवांत उतरायला पुढें हजार-चौदाशें वर्षें लागलीं, आणि अजून पुरतें उतरलेलें नाहीं.

आतां आर्यभटाकडे या. इ. स. ४९९ सालीं तेवीस वर्षांचा असतांना या माणसानें लिहिलें कीं नक्षत्रें फिरत नाहींत, पृथ्वी फिरते. नावेंत बसून पुढें जाणाऱ्याला कांठावरचीं झाडें मागें जातांना दिसतात, तसें हें आहे. ग्रहणाचें कारणहि त्यानें स्वच्छ सांगितलें: चंद्र सूर्याला झांकतो तें सूर्यग्रहण, पृथ्वीची सांवली चंद्रावर पडते तें चंद्रग्रहण. राहु गिळतो हें नाहीं. मग झालें काय? वराहमिहिर म्हणाला, पृथ्वी फिरती तर घारी आपल्या घरट्यांत परत कशा येत्या? इ. स. ६२८ मध्यें ब्रह्मगुप्तानें आर्यभटावर कोरडे ओढले. नवल हें कीं ग्रहणें सांवलीच्या गणितानेंच वर्तविणारा हा मोठा गणिती, राहूची गोष्ट आली तेव्हां स्मृतींच्या बाजूला जाऊन बसला. चारशें वर्षांनंतर अल्बेरूनी नांवाचा परदेशी पंडित संस्कृत शिकून हे ग्रंथ वाचीत होता. त्याला हें पाहून आश्चर्य वाटलें. तो तर्क करतो कीं ब्रह्मगुप्ताला खरें ठाऊक होतें, पण सॉक्रेटिसावर ओढवली तशी आपत्ति टाळण्यासाठीं त्यानें मनाविरुद्ध लिहिलें असावें. त्याहून मौजेची गोष्ट आर्यभटाच्या टीकाकारांची. मूळ श्लोकांत पृथ्वी या अर्थाचा 'भूः' असा शब्द होता. पुढच्यांनीं तेथें 'भं' म्हणजे नक्षत्रमंडळ असें वाचलें. एका अक्षरानें फिरती पृथ्वी थांबविली! ज्यांच्या हातीं पोथी असते त्यांना एवढें सोपें असतें. आणि आपण आजहि ग्रहणांत गरोदर सुनेला विळीला हात लावूं देत नाहीं.

हीं मापें घेण्याचीं साधनें आपल्या कारागिरांच्या हातचीं. घटिकापात्र म्हणजे तांब्याची वाटी, बुडाशीं बारीक भोंक. घंगाळांतल्या पाण्यावर ती सोडायची. चोवीस मिनिटांत भरून बुडाली कीं एक घटका, अशा साठ घटकांचा दिवसरात्र. घटका भरली, हा आपल्या बोलींतला शब्द त्या वाटीवरूनच आला. सूर्यसिद्धांतांत या पात्राचें वर्णन आहे. तें ठोकणाऱ्या तांबटाचें नांव कोठें नाहीं. पण भोंक सुईभर मोठें झालें असतें तर सगळे मुहूर्त कोसळले असते.

आपल्या महाराष्ट्रांत शेंकडों वर्षें पंचांगें झालीं तीं बहुतेक ग्रहलाघव या ग्रंथावरून. कोंकणांत मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगांवच्या गणेश दैवज्ञानें तो १५२० सालचे आंकडे धरून रचला. अवघड त्रिकोणमिति टाळून साध्या गुणाकार-भागाकारांत ग्रह काढतां यावे अशी त्याची खुबी. त्याचा बाप केशव आणि तो स्वतः, दोघेहि आकाशाचे वेध घेऊन जुन्या आंकड्यांची चूक काढणारे होते. मागून आलेल्यांनीं त्यांचे आंकडे घेतले, डोळे घेतले नाहींत. आंकडे जुने झाले आणि ग्रह पंचांगांत एका जागीं, आकाशांत दुसऱ्या जागीं, असें होऊं लागलें. एकोणिसाव्या शतकांत केरो लक्ष्मण छत्र्यांनीं नवें, आकाशाशीं जुळणारें पंचांग काढलें, तेव्हां त्याला विरोध झाला. १८९६ सालीं शंकर बाळकृष्ण दीक्षित या शिक्षकानें 'भारतीय ज्योतिःशास्त्र' हा सगळ्या परंपरेचा इतिहास मराठींत लिहून ठेवला. हे दोघेहि ब्राह्मणच. ज्यानें खरें मोजलें त्याला आम्ही खरें मोजणारा म्हणूं.

आतां ज्या चुकीचा तुमच्या शेताशीं संबंध आहे ती सांगतों. सूर्यसिद्धांताचें वर्ष ३६५ दिवस, ६ तास आणि सुमारें साडेबारा मिनिटांचें. ऋतूंचें वर्ष ३६५ दिवस, ५ तास आणि पावणेएकोणपन्नास मिनिटांचें. फरक सुमारें चोवीस मिनिटांचा. त्यांतलीं वीस मिनिटें ही चूक नव्हे. पृथ्वीचा आंस भोंवऱ्यासारखा सुमारें सव्वीस हजार वर्षांत एक गिरकी घेतो, त्यामुळें नक्षत्रांचें वर्ष आणि ऋतूंचें वर्ष हीं निराळींच असतात. उरलेलीं साडेतीन मिनिटें जुन्या आंकड्यांचीं. साठ-सत्तर वर्षांत हा फरक एक दिवस होतो. एका जन्मांत तो कोणाच्या लक्षांत येत नाहीं. पण वेदांगज्योतिषाच्या वेळीं उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभीं होई, आणि वराहमिहिरानें लिहून ठेवलें कीं पूर्वीं तसें होतें, हल्लीं मकरेच्या आरंभीं होतें. त्यानें पाहिलें आणि बदल मान्य केला. त्याच्यानंतर आणखी चौदाशें-पंधराशें वर्षें गेलीं, आणि आज उत्तरायण डिसेंबरच्या २१-२२ तारखेस, सूर्य मूळ नक्षत्रांत असतांना होतें. आपण मात्र १४-१५ जानेवारीस तिळगूळ देत उत्तरायण लागलें म्हणतों. दिवस चोवीस दिवसांपूर्वींच मोठा होऊं लागलेला असतो.

तीच गत मृगाची. आज सूर्य मृगांत येतो तो ७-८ जूनला. वराहमिहिराच्या काळीं, ऋतूंच्या हिशेबानें, तो आजच्या मेच्या मध्याला येई. आणखी पंधराशें वर्षांनीं तो जूनच्या अखेरीस येईल. म्हणजे मृग आणि पाऊस यांचा करार कोणा देवानें लिहून दिलेला नाहीं. नांगर धरणाऱ्या आपल्याच पूर्वजांनीं गेल्या कांहीं शतकांत पाऊस पाहून, आकाशाशीं ताडून बांधलेला तो ठोकताळा आहे. तरणा पाऊस, म्हातारा पाऊस, हत्तीचा पाऊस हीं नांवें संस्कृत पोथींतलीं नव्हेत, तीं शेताच्या बांधावरचीं आहेत. ठोकताळा बराहि आहे: मोसमी पाऊस केरळांत सरासरी १ जूनला, मुंबईस सरासरी ११ जूनला पोंचतो. पण सरासरी म्हणजे हमी नव्हे. २०१९ सालीं तो मुंबईस २५ जूनला आला. २०२५ सालीं २६ मेलाच, मृगाला दोन आठवडे अवकाश असतां. दोन्ही वर्षीं मृग आपल्या तारखेलाच लागला होता. २०१९ सालीं मृग लागला म्हणून कोरड्यांत ज्यानें बी टाकलें असेल त्याच्या माथीं दुबार पेरणी. कृषिखातें सांगतें कीं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय खरिपाची पेरणी करूं नये. ती ओल फावड्यानें पाहतां येते. पंचांगांत ती नाहीं.

आणि वाहन? मृगाचें वाहन हत्ती, बेडूक किंवा म्हैस निघालें कीं लोक भरपूर पावसाच्या आशेनें बियाणें उचलतात, कोल्हा निघाला कीं हात आखडतात. हें वाहन कसें काढतात तें ऐका. सूर्य नक्षत्र बदलतो त्या वेळीं चंद्र ज्या नक्षत्रीं असेल, तेथपर्यंत सूर्याच्या नक्षत्रापासून मोजायचें. आलेल्या आंकड्याला नवांनीं भागायचें. बाकी एक उरली तर घोडा, दोन कोल्हा, तीन बेडूक, चार मेंढा, पांच मोर, सहा उंदीर, सात म्हैस, आठ गाढव, कांहींच न उरलें तर हत्ती. संपलें. यांत ढग नाहीं, वारा नाहीं, समुद्र नाहीं. सूर्य कांहीं तास उशिरा त्या नक्षत्रांत गेला आणि तेवढ्यांत चंद्र पुढच्या नक्षत्रीं सरकला, तर हत्तीचा घोडा होतो. शिवाय बेडूक निघाला तर तो साऱ्या मुलखाला एकच. सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं वर्षाला पांच हजार मिलिमीटरांवर पाऊस पडतो, माण तालुक्यांत पांचशेंच्या आसपास. दोन्हीकडे तोच बेडूक! भागाकार चुकलेला नाहीं, पण तो भागाकार पावसाचा नव्हे. मोजणीच्या कुशींत बसलेलें भाकीत म्हणतों तें हेंच.

याचा पैसा होत होता, म्हणून हें इतकें टिकलें. जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं 'तृतीय रत्न' नाटकांत गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीति घालून लुबाडणारा जोशी उभा केला, तो कल्पनेनें नव्हे. गांवजोशी वतनदार असे. त्याला न बोलावतां लग्न लावलें तरी दक्षिणेचा हक्क मागत तो कोर्टांत जाई, आणि सत्यशोधकांवर असे दावे झाले. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या खटपटीनें १९२६ सालीं मुंबई कायदेमंडळाच्या कायद्यानें ही सक्ति मोडली. सक्ति गेली, पण भीति कायद्यानें जात नाहीं. आतां ती छापील दिनदर्शिकेंतून आणि मोबाइलमधून घरीं येते. संक्रांत अमक्या रंगावर बसली म्हणून त्या रंगाचें लुगडें दुकानांत पडून राहतें.

स्वराज्य आल्यावर सरकारनें १९५२ सालीं पंचांगसुधारणेसाठीं समिति नेमली. देशांत तीसएक निरनिराळीं पंचांगें चालत होतीं. समितीचे अध्यक्ष मेघनाद साहा: पूर्व बंगालमधल्या खेड्यांतील गरीब दुकानदाराचा मुलगा, शिकतांना जातीवरून वसतिगृहांत वेगळ्या पंगतीचा अपमान सोसलेला, आणि ताऱ्यांच्या भौतिकशास्त्रांत जगानें मानलेला. त्यांच्या समितीनें १९५५ सालीं अहवाल दिला, आणि २२ मार्च १९५७ हा १ चैत्र, शके १८७९ धरून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तींत वर्ष ऋतूंचेंच घेतलें आहे, म्हणून तिचा चैत्र सरकत नाहीं. सरकारी राजपत्रावर ती तारीख असते. घरांत मात्र ती पोंचली नाहीं, कारण सण चंद्रावर चालतात आणि चालणारच. त्यांत कोणाचें कांहीं बिघडतहि नाहीं.

आतां शेवटीं एक काम सांगतों, तें आपल्या गांवच्या शाळेच्या पटांगणांत होण्यासारखें आहे. एक मीटर उंचीची काठी सुताराकडून रंध्यानें सरळ करून घ्या आणि गवंड्याच्या ओळंब्यानें उभी रोवा. ऊन असेल त्या दिवशीं दुपारीं सांवली सर्वांत आंखूड होते ती वेळ साधून टोंकाशीं चुन्याची खूण करा; घड्याळांत तेव्हां बारा वाजून वर अर्धा तास झालेला असेल. पुण्याच्या आसपास २१-२२ डिसेंबरला ही सांवली उत्तरेकडे सुमारें ९० सेंटिमीटर भरेल. ती वर्षांतली सर्वांत लांब. संक्रांतीच्या दिवशीं पुन्हा मोजा, ती ८४ च्या आसपास आलेली असेल. मेच्या मध्याला एका दुपारीं काठीला सांवलीच राहणार नाहीं. पुढें मृगांत ढग थोडे फांकले तर पाहून ठेवा, सांवली दक्षिणेकडे पडलेली असेल. पोरांना खुणा करूं द्या आणि प्रत्येक खुणेजवळ तारीख लिहायला लावा.